छाती आवळते, अंग आखडतं: पार्किन्सन्सच्या घरात नव्याने आलेल्यांसाठी

घरात कुणाला नुकतंच पार्किन्सन्स (कंपवात) निघालं असेल, तर हात थरथरण्याबद्दल आणि चाल मंदावण्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं असेलच. छातीबद्दल मात्र बहुधा कुणी बोललेलं नसतं. मग एका पहाटे माणूस अंथरुणात उठून बसतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "छाती आवळून इली." घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

आमच्याकडे हे माझ्या सासऱ्यांच्या, नानांच्या बाबतीत झालं. आमचं घर देवगड तालुक्यात. नाना एसटीत चालक होते, आणि त्यांना पार्किन्सन्स होऊन आता नऊ वर्षं झाली. आम्ही दाखवतो ते मेंदूचे डॉक्टर घाटापलीकडे, कोल्हापुरात. एवढ्या लांबून दर वेळी धावता येत नाही, त्यामुळे घरच्या घरी काय बघायचं, काय करायचं आणि कधी मुळीच थांबायचं नाही, हे आम्हाला शिकावं लागलं. ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलणं हे डॉक्टरांचंच काम, ते या लेखावरून करू नका.

पहिली पायरी: आधी हृदय, मग पार्किन्सन्स

पार्किन्सन्समध्ये छाती आवळते हे खरं आहे. पण पार्किन्सन्स असलेल्या माणसाला हृदयविकार होत नाही असं नाही. वय साठीच्या पुढचं, त्यात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर धोका दोन्हीकडून. म्हणून छाती पहिल्यांदा आवळेल तेव्हा ते हृदयाचंच आहे असं धरून चाला. १०८ ला फोन करा, जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. एक ईसीजी नीट आला म्हणून लगेच घरी परतू नका. डॉक्टर थोड्या वेळाने दुसरा काढायला आणि रक्त तपासायला सांगतात, ते पूर्ण होऊ द्या.

दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम येत असेल, उलटीची भावना असेल, चेहरा पांढराफटक पडला असेल, तर घड्याळ बघत बसायची गरजच नाही. एक गोष्ट गोंधळात टाकते: पार्किन्सन्सच्या गोळीचा असर उतरतानाही काही जणांना खूप घाम येतो. दोन्हींत घाम असतो, आणि घरात बसून तो कुठला हे ओळखता येत नाही. शंका आली की निघायचं. आमची अशी एक फेरी फुकट गेली, रात्री दोन वाजता गाडी काढून. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. घाटी चढताना, विहिरीवरून कळशी आणताना छाती आवळते आणि दोन मिनिटं बसलं की सुटते, असं होत असेल तर ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं लक्षण असू शकतं. ते 'आखडलेपणा' म्हणून सोडून देऊ नका. अचानक दम लागून एका पायाला सूज असेल, तर पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. जो माणूस दिवसभर एका जागी बसून असतो त्याला हा धोका असतो. आणि ताप, खोकला, छातीत घरघर असेल तर न्यूमोनिया. त्याविषयी पुढे सांगते.

एकदा हृदय आणि फुप्फुसं नीट तपासून झाली, डॉक्टरांनी 'तिथे काही नाही' असं सांगितलं, की मग पुढची पायरी. तरीसुद्धा दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं, कितीही वेळा.

आवळतं ते नेमकं काय

जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. मेंदूच्या आतल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी कमी होत जातात. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. ते कमी पडलं की स्नायूंना सैल होण्याचा निरोप नीट पोचत नाही. नानांचा हात कोपरात दुमडून पाहिला की दातेरी चाक फिरवल्यासारखा अडत अडत हलतो. तो आखडलेपणा डोळ्यांना दिसतो. पण बरगड्यांच्या मधल्या स्नायूंचं, मानेचं, पाठीचं तेच होत असतं आणि ते दिसत नाही.

श्वास घेताना छातीचा पिंजरा वर आणि बाहेर उघडावा लागतो. तो ताठ झाला की श्वास उथळ होतो, आणि माणसाला वाटतं की कुणी दोरीने आवळतंय. त्यात पाठ पुढे वाकलेली, खांदे आत आलेले. वाकून बसून एक खोल श्वास घेऊन बघा, तुम्हालाही जाणवेल किती कमी हवा आत जाते.

याला जोडून आणखी तीन गोष्टी येतात. पहिली घाबरणं. पार्किन्सन्समध्ये चिंता हा आजाराचाच भाग असतो, स्वभावाचा दोष नव्हे. गोळीचा असर उतरताना काही जणांना अक्षरशः जीव जातोय असं वाटतं, आणि नव्या घरांमध्ये याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त अन्याय होतो. "तुम्ही उगीच घाबरता" हे वाक्य मीसुद्धा पहिल्या वर्षी बोलले आहे. दुसरी गोष्ट पोट. बद्धकोष्ठ, गॅस, आम्लपित्त या आजारात फार असतं, आणि भरलेलं पोट खालून दाबलं की छाती जड होते. तिसरी थोडी अवघड आहे: गोळी अंगात सगळ्यात जास्त असते तेव्हा काहींचं अंग नकळत वेडंवाकडं हलतं, त्यात श्वासाचे स्नायूही सापडतात आणि श्वास तुटक होतो. म्हणजे गोळी कमी पडली तरी त्रास आणि जास्त झाली तरी त्रास. कुठला आहे हे घड्याळच सांगतं.

दुसरी पायरी: आठवड्याची वही

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. साधी शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस लिहा. गोळी किती वाजता घेतली. किती वाजता काय खाल्लं. अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं. छाती कधी आवळली आणि किती मिनिटांनी सुटली. घाबरं झालं का. शौचाला झालं का. बस, एवढंच. सुंदर अक्षराची गरज नाही, पण वेळ अंदाजे लिहू नका, भिंतीवरचं घड्याळ बघून लिहा.

लेव्होडोपा (आपल्याकडे बऱ्याच जणांना सिंडोपा या नावाने मिळते ती गोळी) रक्तात फार टिकत नाही. साधारण दीड तासात तिचं प्रमाण निम्मं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदू ती साठवून वापरतो, म्हणून तीन गोळ्यांत दिवस सरळ जातो. पुढे साठवण्याची ताकद कमी होते आणि असर तीन-चार तासांत ओसरायला लागतो. नाना गोळीच्या वेळेला 'गाडी' म्हणतात. "माझी अकराची गाडी इली काय?" असं विचारतात. त्यांच्या वेळा सध्या ७, ११, ३ आणि ७ आहेत. तुमच्या वेगळ्या असतील.

वहीच्या चौथ्या दिवशीच आम्हाला दिसलं की छाती आवळायची ती बहुतेक वेळा साडेदहाच्या आणि अडीचच्या सुमारास, म्हणजे पुढच्या गाडीच्या अर्धा तास आधी. गोळी घेतल्यावर पाऊण तासात छाती सुटायची, हातही सुटायचा. आणि पहाटे, कारण रात्रीची गोळी संध्याकाळी सातला घेतलेली. दोन वर्षं ज्याला आम्ही 'नानांचा घाबरटपणा' म्हणत होतो, ते ओसरणाऱ्या गोळीचं लक्षण होतं.

वहीत असा मेळ दिसला तर ती वही डॉक्टरांना दाखवा. ते दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करू शकतात, असर लांबवणारं दुसरं औषध जोडू शकतात, रात्रीसाठी हळूहळू सुटणारी गोळी देऊ शकतात. छाती गोळीनंतर तास-दीड तासाने, अंग हलत असताना आवळत असेल तर उलट प्रमाण कमी करावं लागू शकतं. आणि गोळीशी काहीच मेळ लागत नसेल, जेवणानंतर, आडवं झाल्यावर किंवा चढ चढताना त्रास होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

वहीत जमलं तर रक्तदाबही लिहा: पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. पार्किन्सन्समध्ये हे होतं, आपल्या दमट उकाड्यात घाम जाऊन आणखी होतं. त्याने चक्कर तर येतेच, शिवाय मान आणि दोन्ही खांदे जड होऊन दुखतात. ते दुखणंही आखडलेपणाच्या खात्यावर जमा केलं जातं.

तिसरी पायरी: गोळी आणि मासे

लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने प्रथिनांचे तुकडेही जातात. ताटात बांगड्याचं तिखलं किंवा सुंगटांचं (कोळंबीचं) सार आणि त्याच्यासोबत गोळी घेतली, तर वाटेत गर्दी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवल्यावर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. दुधाच्या चहाबरोबर नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर गोळीबरोबर भाताची पेज चार चमचे किंवा तांदळाचं घावन चालतं, त्यात प्रथिनं कमी असतात. आंबोळीत उडीद असतो आणि कुळथाची पिठी तर डाळच, हे आपल्या लक्षात येत नाही.

मासे बंद करू नका. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांचे मासे, अंडी, डाळ सगळं बंद केलं आणि सहा महिन्यांत ते हाडांचा सापळा झाले. या आजारात वजन तसंही उतरतं. स्नायूच राहिले नाहीत तर सैल काय करणार? प्रथिनं पूर्ण हवीत, फक्त त्यांची वेळ सांभाळायची. आम्ही मोठा मासळीचा वाटा रात्रीच्या जेवणात नेला आणि दुपारी भात, भाजी, सोलकढी. त्याने दुपार सुधारली. पण ज्यांना रात्रीच जास्त आखडतं त्यांना हे उलट पडू शकतं. नुकतं निदान झालेल्या बऱ्याच जणांना तर असला फरक जाणवतही नाही. त्यांनी गोळी आणि जेवण यांतलं अंतर सांभाळलं तरी पुरे.

लोहाची गोळी चालू असेल तर ती लेव्होडोपाबरोबर घेऊ नका, शोषण कमी होतं. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. हळू सुटणारी गोळी कुटून किंवा चावून देऊ नका.

आणि गोळी एकदम बंद करू नका. कधीच. अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं होऊन जोराचा ताप येऊ शकतो आणि जीवावर बेतू शकतं. आपल्याकडे पावसात दरड कोसळून घाट बंद होतो, दुकानातला साठा संपतो, म्हणून जूनच्या आधी महिन्याभराच्या गोळ्या घरात हव्यात. डबा दमटपणापासून दूर, घट्ट झाकणाचा. चुलीवरच्या फडताळात नको.

खाजकुयलीबद्दल सगळेच विचारतात. आपल्या गडग्यांवर वाढणाऱ्या या वेलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, आणि कंपवातावर वैद्य ती पूर्वीपासून देत आले आहेत. पण बीपरत्वे प्रमाण बदलतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर डोस किती झाला ते कुणालाच कळत नाही. घ्यायचंच असेल तर वैद्य आणि मेंदूचे डॉक्टर दोघांना सांगून.

हे औषध देण्याआधी थांबवा

काही साधी वाटणारी औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात आणि अंग आणखी आखडतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, आम्लपित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करसाठीचं सिनारिझिन, डोकेदुखीसाठीचं फ्लुनारिझिन, भ्रम किंवा आरडाओरड शांत करायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल. ही नावं कागदावर लिहून घ्या. दुकानातून आणलेल्या पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांतली नावं त्याच्याशी ताडून बघा, ब्रँडचं नाव बघून कळत नाही.

नानांना एकदा उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं. मी यादी नेली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांना मान वळवता येईना, छाती पत्र्यासारखी, तोंडातून शब्द फुटेना. दोन दिवस लागले उतरायला. त्यांनी माझ्याकडे बघितलेलं मला अजून दिसतं. उलटीसाठी डोमपेरिडोन हा तुलनेने बरा पर्याय डॉक्टरांकडे असतो, पण तोही हृदयाचे ठोके बघूनच देतात.

पूर्वी कधी ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिन ही पार्किन्सन्सवरची जुनी औषधं बरेच महिने घेतली असतील तर तेही छातीच्या डॉक्टरांना सांगा. त्या जातीच्या औषधांनी क्वचित फुप्फुसाचं आवरण जाड होतं.

चौथी पायरी: छाती आवळली की पहिली पंधरा मिनिटं

हृदयाची तपासणी झालेली आहे, त्रास नेहमीच्याच वेळी आणि नेहमीसारखाच आहे, हे गृहीत धरून सांगते.

माणसाला आडवं पाडू नका. हात असलेल्या खुर्चीत बसवा, पाठ टेकलेली, दोन्ही हात समोर टेबलावर किंवा उशीवर टेकवलेले. हातांचं ओझं खांद्यांवरून उतरलं की छातीला जागा मिळते. बनियनची बटणं, लुंगीची गाठ सैल करा. सगळं घर भोवती गोळा होऊ देऊ नका. एकच माणूस समोर बसावा, त्याने आवाज खाली ठेवावा.

मग फुंकणी. आमच्याकडे अजून चूल आहे, आणि नानांना हे शब्दाने समजावता येत नव्हतं ते फुंकणीने समजलं. घाबरलेला माणूस हवा आत ओढत राहतो, बाहेर सोडत नाही, म्हणून आणखी कोंडतं. चूल पेटवताना आपण जशी लांब, बारीक, संथ फुंकर घालतो तशी ओठांचा चंबू करून हवा बाहेर सोडायची. नाकाने आत दोन अंक मोजेपर्यंत, चंबूतून बाहेर चार अंक मोजेपर्यंत. एक हात पोटावर ठेवायचा आणि आत घेताना पोट पुढे यायला हवं, खांदे वर नाही. मोजायचं काम समोरच्याने मोठ्याने करायचं, कारण त्या क्षणी त्यांना मोजायला जमत नाही. सात-आठ फुंकरांनंतर खांदे मागे गोल फिरवायचे, हळू. मग परत फुंकर.

या वेळी पाणी पाजायची घाई करू नका, धाप लागलेली असताना ठसका लागतो. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरात असेल तर बघा. ओसरणाऱ्या गोळीच्या त्रासात आकडा बहुधा नेहमीसारखाच असतो, आणि तो दाखवल्यावर नानांना धीर येतो. आकडा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेला तर १०८. पण आकडा चांगला आहे म्हणून हृदयाचा झटका नाही असा अर्थ काढू नका, ते यंत्र हृदयाचं नाही.

घड्याळ बघा. गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती वेळेवर द्या. वेळ लांब असेल तर जादा गोळी तुमच्या मनाने नको. अशा वेळी काय द्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही, किंवा पहिल्या पायरीतली एकही खूण दिसली, तर निघा.

आणि "काही नाही हो" म्हणू नका. "छाती आवळली आहे, मला माहीत आहे, आपण फुंकर घालूया, तीनची गाडी येते आहे," असं म्हणा. हे खोटं धीर देणं नाही, यात सगळं खरं आहे.

पाचवी पायरी: अंग मोकळं ठेवायचं रोजचं काम

व्यायाम गोळी चढलेली असताना करायचा, साधारण घेतल्यापासून तासाभराने. आखडलेल्या वेळी ओढाताण केली तर दुखतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस नको म्हणतो. आमची वेळ सकाळी आठची, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर. न्हाणीतला गरम पाण्याचा हंडा हे नानांसाठी अर्धं औषध आहे. फक्त न्हाणीत स्टूल हवं, आणि आंघोळीनंतर एकदम उठायचं नाही, रक्तदाब उतरतो. रबराची गरम पिशवी द्यायची तर टॉवेलात गुंडाळून.

छातीसाठी आम्ही करतो ते असं. दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकायचे आणि एक पाऊल पुढे टाकून छाती उघडायची, दहा अंक मोजेपर्यंत, पाच वेळा. तोल जात असेल त्यांनी हे खुर्चीत बसून, हात डोक्यामागे धरून कोपरं मागे नेत करावं. मग बसल्या बसल्या कमरेपासून वर वळायचं, एकदा डावीकडच्या गड्याला आणि एकदा उजवीकडच्याला बघितल्यासारखं. नाना याला गाडी मागे घेणं म्हणतात, आणि खरंच, रिव्हर्स घेताना मागे वळून बघायची त्यांची जुनी सवय अंगातून आपोआप येते. शेवटी दहा मिनिटं पाठीवर उताणं पडायचं, जाड उशी काढून, हात दोन्ही बाजूंना पसरून. पुढे वाकत चाललेल्या पाठीला ही दहा मिनिटं फार हवी असतात. मान टेकत नसेल तर पातळ घडी ठेवा, जोर करू नका.

चालणं मोठ्या पावलांचं, हात हलवत. खळ्यात आम्ही चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या आहेत. पाऊल जमिनीला चिकटलं की रेघ ओलांडायची म्हणजे सुटतं. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) चालायला पाहुणे सुचवतात. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली घट्ट वाळू बरी असते, पण ती उतरती असते. तोल पक्का आहे आणि बरोबर कुणी आहे अशांनीच जावं. भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि माणूस पडतो.

श्वासाच्या स्नायूंसाठी तीन चेंडूंचं फुंकायचं-ओढायचं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. आणि मोठ्याने गाणं. नाना पूर्वी भजनाला जायचे. आवाज बारीक झाल्यावर लाजून घरी बसले होते. आता रोज संध्याकाळी देवापाशी एक आरती, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. आरतीत ओळ लांबवावी लागते, म्हणजे श्वास पुरवून वापरावा लागतो, आणि टाळ्यांचा ठेका हाताला मिळतो. गणपतीत त्यांनी घालीन लोटांगण अख्खं म्हटलं. त्या दिवशी रात्री त्यांची छाती आवळली नाही. याने तसंच होतं असं मी म्हणत नाही, पण मला ते लिहावंसं वाटलं.

खोबरेल कोमट करून पाठीला, खांद्याला हलक्या हाताने चोळा. मोडणाऱ्या, मान झटकणाऱ्या माणसाकडे नेऊ नका. म्हातारी हाडं ठिसूळ असतात.

रात्र

रात्री कुशीवर वळता येत नाही, सगळं अंग एका बाजूला अवघडतं आणि पहाटे छाती आवळते. कमरेखाली गुळगुळीत कापड, जुनी रेशमी साडी चार घड्या करून, म्हणजे सरकता येतं. पायांना मात्र पकड हवी म्हणून तिथे सुती चादर. खाटेच्या पायाला सुंभाची जाड दोरी गाठी मारून बांधा, ती धरून उठता येतं. जमिनीवरचं अंथरूण सोडा, खाट गुडघ्याच्या उंचीची हवी. पहाटेची पहिली गोळी आणि पाणी उशाशी ठेवा, ती घेऊन अर्धा तास पडून राहायचं आणि मगच उठायचं. न्हाणीपर्यंतचा दिवा चालू, उंबरठ्यावर पांढरी पट्टी. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ दर आठवड्याला घासून काढा.

ठसका

पार्किन्सन्समध्ये न्यूमोनिया हे जीव जाण्याचं एक मोठं कारण आहे, आणि तो बऱ्याचदा घशातून येतो. गिळण्याचे स्नायूही आखडतात, घास किंवा पाणी श्वासनळीत उतरतं, आणि छाती ताठ असल्यामुळे खोकून बाहेर टाकायला जोर पुरत नाही. जेवताना ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली, घास छोटा, गिळून झाल्याशिवाय दुसरा नको, जेवताना गप्पा नकोत. जेवण गोळी चढलेली असताना. माशाचा काटा काढून द्या, पेडवे-तारल्यांसारखे काटेरी मासे टाळा. पाण्याने ठसका लागत असेल पण पेजेने नाही, ही खूण डॉक्टरांना सांगा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेण्याबद्दल विचारा.

घाट चढण्याआधी

तज्ज्ञांकडे वर्षातून दोन-तीन वेळाच जाणं होतं, तेव्हा तयारीने जा. गंमत अशी होते की दवाखान्यात पोचेपर्यंत गोळी चढलेली असते, माणूस टुणटुणीत दिसतो आणि डॉक्टरांना त्रास दिसतच नाही. म्हणून आखडलेल्या वेळेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा: खुर्चीतून उठणं, चार पावलं चालणं, छाती आवळलेली असतानाचा श्वास. वही, व्हिडिओ आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या. चिंता आणि उदासी असेल तर तेही स्पष्ट सांगा, त्यावर उपचार आहेत. फोंडा घाटात गाडी लागते म्हणून उलटीची गोळी घ्यायची असेल तर वरची यादी बघून. प्रवासात गोळ्या डिकीत नाहीत, हाताशी. मधल्या महिन्यांत तब्येत बिघडली तर ई-संजीवनीवरून (मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलायची सरकारी सेवा) किंवा डॉक्टरांच्या फोनवरून बोलता येतं का, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. मुंबईत पार्किन्सन्सवर काम करणारी सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आपल्यासारख्याच घरांतली माणसं तिथे भेटतात.

नानांच्या खिशात आता प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद असतो. वर मोठ्या अक्षरात 'मला पार्किन्सन्स आहे', खाली गोळीच्या चार वेळा, देऊ नयेत अशा औषधांची नावं, आणि माझा फोन नंबर. तशीच एक प्रत घराच्या दाराआड खिळ्याला टांगली आहे, शेजारच्या आशाताईंनाही माहीत आहे कुठे ते.